पाळीचा हक्क आणि त्याची विक्री

एकाच वस्तूचे अनेक धनी असावेत आणि प्रत्येकाने ती आपापल्या वेळी वापरावी, ही व्यवस्था धाराशिव जिल्ह्याला मुळीच नवी नाही. बालाघाटाच्या कोरडवाहू माळावर पाणी मोजून वापरावे लागते. म्हणून चार भावांत एक विहीर असली म्हणजे पाण्याच्या पाळ्या लागतात. सोमवारी थोरल्याचे पीक भिजते, मंगळवारी मधल्याचे. तुळजापूरच्या देवळात श्रीभवानीच्या पूजेच्या पाळ्या पुजारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वस्तू एक आणि काळ वाटून घेतलेला, असा हा प्रकार आहे. हीच कल्पना सहलीला निघालेल्या माणसापुढे ठेवून व्यापाऱ्यांनी जी वस्तू बाजारात आणली, तिला टाइमशेअर असे म्हणतात. थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकाठी एखादे विश्रामगृह, त्यातील एक खोली, वर्षातील एक आठवडा, आणि हा हक्क दहा, पंचवीस, क्वचित नव्याण्णव वर्षांचा. असा हक्क नकोसा झाला असता तो सुखरूप कसा विकावा आणि विकताना नागवले जाण्याचे कसे टाळावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या व्यापाराचा उगम युरोपातील आहे. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये, आल्प्स पर्वतातील एका हिमक्रीडास्थानी तो रूढ झाला. तेथून तो अमेरिकेत गेला व फोफावला. आपल्या देशात १९८६ साली मद्रासेस स्थापन झालेल्या स्टर्लिंग ह्या कंपनीने आणि १९९६ साली स्थापन झालेल्या महिंद्र हॉलिडेज ह्या कंपनीने तो सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचा केला. ज्या घरांत मुले लहान होती व उन्हाळ्याच्या सुटीत नेमाने प्रवास घडत असे, अशा पुष्कळ घरांना ह्या हक्काचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. अडचण पुढे येते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास किंवा परदेशी जातात, गुडघे दुखू लागतात, गृहस्थ निवृत्त होतो. परंतु दरवर्षी देखभालीचे शुल्क भरण्याची सूचना मात्र न चुकता येते. खोलीत राहावयास कोणी जात नाही आणि शुल्क तर भरावेच लागते. मग विकत श्राद्ध घेतल्यासारखे वाटू लागते आणि हक्क विकून मोकळे व्हावे, असा विचार घरात सुरू होतो.

येथे विहिरीची पाळी आणि विश्रामगृहाची पाळी ह्यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. विहिरीतील हिस्सा जमिनीशी बांधलेला असतो. सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात त्याची नोंद होऊ शकते, आणि जमीन विकली म्हणजे खरेदीखताबरोबर तो नव्या धन्याकडे जातो. टाइमशेअरचा हक्क आपल्याकडे बहुधा जमिनीचा वा इमारतीचा हक्क नसतो. तो कंपनीशी केलेला एक करार असतो. खोली कंपनीची, जमीन कंपनीची. सभासदाला मिळतो तो काही दिवस राहण्याचा अधिकार. हा अधिकार दुसऱ्याच्या नावावर करावयाचा तर कंपनीची संमती लागते, हस्तांतराचे शुल्क लागते, आणि मागील थकबाकी असल्यास ती आधी फेडावी लागते. म्हणजे ह्या विक्रीत विकणारा व घेणारा असे दोनच पक्ष नसून कंपनी हा तिसरा पक्ष आहे. तिच्या दप्तरात नाव बदलले जाईपर्यंत विक्री पुरी झाली असे समजू नये.

दुसरी गोष्ट किमतीची. वापरलेला हक्क घेतलेल्या किमतीला सहसा विकला जात नाही. बहुधा तो तिच्या लहानशा अंशालाच जातो. ह्याचे कारण उघड आहे. नवा हक्क विकताना कंपनी जी किंमत लावते, तिचा बराच भाग विक्रेत्यांचे वेतन, मेजवान्या, भेटवस्तू आणि जाहिराती ह्यांवर खर्च झालेला असतो. तो घेणाऱ्याच्या पदरी वस्तुरूपाने पडलेला नसतो. शिवाय कंपनी स्वतःच नवे हक्क हप्त्याहप्त्याने विकत असते, आणि ज्याला एक आठवडा खोली हवी आहे, त्याला कोणतेही हॉटेल भाड्याने मिळते. जी वस्तू वर्षागणिक खर्च मागते, तिचे गिऱ्हाईक थोडे असणार. समजा, एखाद्याने तीन लाख रुपयांस हक्क घेतला व वर्षाचे शुल्क पंधरा हजार आहे; तर दहा वर्षांत आणखी दीड लाख रुपये जातात. घेणारा शहाणा असला तर हा पुढील बोजा आधी वजा करील आणि मगच किंमत सांगेल. हा हिशेब विकणाऱ्याने मनाशी स्वच्छ केला नाही, तर तो मोठ्या किमतीच्या आमिषास बळी पडतो. फसवणुकीचे बीज येथेच रुजते.

आता फसवणूक प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. उमरग्यास राहणारे एक निवृत्त कारकून आहेत असे समजा. एके दिवशी त्यांना दूरध्वनी येतो. बोलणारा गृहस्थ अदबीने बोलतो, त्यांचे पूर्ण नाव घेतो, सभासद क्रमांक सांगतो आणि म्हणतो, “साहेब, आपला हक्क घ्यावयास एक मोठी कंपनी तयार आहे. आठ लाख रुपये मिळतील.” कारकुनांना वाटते, ज्याला एवढी माहिती आहे तो खराच असला पाहिजे. वास्तविक सभासदांची नावे व क्रमांक ह्यांच्या याद्या अशा लोकांच्या हातोहात फिरत असतात; माहिती असणे ही सचोटीची खूण नव्हे. दुसऱ्या दिवशी भारी छपाईचा एक करारनामा येतो आणि नोंदणीसाठी अठरा हजार रुपये मागितले जातात. ते भरल्यावर वस्तू व सेवा कराच्या नावाने बावीस हजार. मग ना-हरकत दाखल्यासाठी काही, मग उद्गम कराच्या नावाने काही. प्रत्येक वेळी सांगितले जाते की ही रक्कम परत मिळावयाची आहे, आणि धनादेश तर लिहून तयार आहे. त्या धनादेशाचे छायाचित्रही येते. कारकून विचार करतात की एवढे भरले, आता थोड्यासाठी मागे का फिरावे. शेवटी एके दिवशी तो क्रमांक लागेनासा होतो. तोपर्यंत घरात त्या आठ लाखांचे बेतही झालेले असतात: कळसाचे काम, नातीचे शुल्क. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण अशा घरात अक्षरशः खरी ठरते.

ह्या मागण्या एकेक करून तपासल्या तर त्या आपोआप कोसळतात. उद्गम कर हा पैसे देणाऱ्याने देय रकमेतून कापावयाचा व सरकारात भरावयाचा असतो. पैसे घेणाऱ्याने तो आगाऊ पाठवावा, ही रीत कोणत्याही कायद्यात नाही. सरकारी कर सरकारी भरण्यात जातो, अनोळखी माणसाच्या बँक खात्यात जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागितले जाते. परंतु रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवीत नाही व असे शुल्कही मागत नाही, हे त्या बँकेने जनतेस वारंवार सांगितले आहे. धनादेशाचे चित्र म्हणजे पैसा नव्हे; रक्कम खात्यात जमा होऊन पासबुकात उतरली म्हणजे ती आली. मोबाइलवरून पैसे घ्यावयाचे असतील तर गुप्त अंक घालावे लागत नाहीत. ते अंक पैसे पाठवतानाच लागतात. तेव्हा “पैसे मिळण्यासाठी हे चित्र स्कॅन करा व गुप्त अंक घाला,” असे जो सांगतो तो खिसा कापतो आहे, हे ओळखावे.

ह्या सर्वांतून एकच कसोटी निघते आणि ती लहान मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. आठवडी बाजारात शेळी विकावयास नेलेला शेतकरी गिऱ्हाइकाला पैसे देतो काय? विकणाऱ्याच्या हाती पैसा यावयाचा असतो. जेथे विकणाऱ्यालाच विक्रीपूर्वी पैसे भरावे लागतात, तेथे विक्री नसून दुसरेच काही चालले आहे. कंपनीचे हस्तांतर-शुल्क व थकबाकी एवढाच ह्याला अपवाद. आणि तीही रक्कम करारात छापलेल्या कंपनीकडे, तिच्या पावतीवर भरावयाची, मध्यस्थाकडे नव्हे.

युरोपीय संघाने हीच कसोटी कायद्यात लिहिली आहे. २००८ सालच्या त्यांच्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्यास करार रद्द करण्यासाठी १४ दिवसांची मुदत मिळते. आणि जो मध्यस्थ हक्क विकून देण्याचे काम पत्करतो, त्याने प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत विकणाऱ्याकडून काहीही आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. इतका कडक नियम का आवश्यक आहे, ह्याचे उत्तर मेक्सिको देशात सापडते. तेथील पोर्तो व्हायार्ता ह्या समुद्रकाठच्या शहरात अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्या एका टोळीने वृद्ध अमेरिकनांना दूरध्वनी करून अशाच “तयार गिऱ्हाइकां”ची लालूच दाखविली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या कोषागार खात्याने ह्या धंद्यातील आठ कंपन्यांवर निर्बंध घातले. २०१९ ते २०२३ ह्या काळात सुमारे ६,००० अमेरिकन लोकांनी जवळजवळ ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी नोंदविल्या, असे त्या सरकारने २०२४ मध्ये जाहीर केले. तेव्हा असे फसणे हे खेड्यातल्या भोळेपणाचे लक्षण नाही. शिकलेले व सुस्थितीतील लोकही ह्या युक्तीस बळी पडले आहेत.

महाराष्ट्रातही एक मोठे उदाहरण घडले आहे, व त्याचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी हॉटेलातील खोल्यांच्या रात्री विकत असे. कागदोपत्री तो सुटी घालविण्याचा हक्क होता. परंतु रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल, असे वचन त्याला जोडलेले होते. पैसे गुंतविणारे बहुतेक लोक खोलीत राहण्यासाठी आले नव्हते, त्या वाढीव रकमेसाठी आले होते. भांडवल-बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी ह्या संस्थेने ही योजना म्हणजे परवानगीशिवाय चालविलेली सामूहिक गुंतवणूक आहे, असे ठरवून जुलै २०१४ मध्ये नव्याने पैसे घेण्यास बंदी केली. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी तिने ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, आणि मे २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. पुढे २०२२ साली कंपनीविरुद्ध दिवाळखोरी कायद्यान्वये कार्यवाही सुरू झाली. योजनेचे प्रतिनिधी पुष्कळदा ओळखीतले किंवा नात्यातलेच असत. त्यामुळे पैशांबरोबर कित्येक घरांतील नातीही दुखावली.

ह्या हकीगतीतून विकणाऱ्याने दोन बोध घ्यावेत. पहिला असा की, आपल्या कपाटातील कागद कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे. खोलीत राहण्याचा हक्क असेल तर तो विकता येईल. वाढीव रकमेचे वचन असेल तर ते विकावयाची वस्तू नसून तो येणे असलेला पैसा आहे, आणि कंपनी बुडीत निघाली असल्यास त्याचा दावा दिवाळखोरीची कार्यवाही पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात करावयाचा असतो. असा दावा दाखल करण्यास शुल्क पडत नाही. दुसरा बोध असा की, बुडालेल्या पैशांच्या भोवती घारी घिरट्या घालतात. “सेबीतून बोलतो, न्यायालयातून बोलतो, अमुक रक्कम भरा म्हणजे तुमचे पैसे सोडवून देतो,” असे सांगणारे लोक पहिल्या जखमेवर दुसरी करतात. एकदा फसलेल्याचे नाव त्यांच्या यादीत अधिक ठळक होते.

आता सुखरूप विक्रीची रीत क्रमाने सांगावयाची. प्रथम मूळ करार बाहेर काढून शांतपणे वाचावा. मुदत किती उरली, हंगाम कोणता, खोली केवढी, वार्षिक शुल्क किती व ते वाढविण्याचा अधिकार कोणाचा, हस्तांतराचे कलम काय म्हणते, हे एका कागदावर उतरून काढावे. दुसरे, करारावर छापलेल्या पत्त्यावर कंपनीस लेखी विचारावे: थकबाकी किती, हस्तांतराची रीत व शुल्क काय, आणि कंपनी स्वतः हक्क परत घेते काय. ज्याने दूरध्वनी केला त्याने दिलेल्या क्रमांकावर ही चौकशी करणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे होय. उत्तर लेखी येईपर्यंत पुढे पाऊल टाकू नये.

तिसरे, गिऱ्हाईक आधी ओळखीत शोधावे. लेक-जावई, सहकारी, शेजारी ह्यांपैकी ज्याला प्रवासाची हौस आहे, त्याला हा हक्क थोड्या किमतीत किंवा केवळ पुढील शुल्क भरण्याच्या अटीवर देता येतो, आणि त्यात उभयतांचे हित असते. मात्र त्याच्यापासून वार्षिक बोजा लपवू नये. आपले ओझे आप्ताच्या डोक्यावर गुपचूप ठेवणे हीही फसवणूकच. चौथे, परके गिऱ्हाईक आल्यास त्याची समक्ष भेट घ्यावी व ओळखपत्र पाहावे. आपल्या आधारपत्राची व पॅनपत्राची नक्कल वाटेल त्याला पाठवू नये. देणे भागच पडले तर ती कशासाठी व कोणत्या तारखेस दिली, हे तिच्यावर आडवे लिहावे. मोबाइलवर आलेला एकवेळचा संकेतांक कोणासही सांगू नये.

पाचवे, पैसे आणि सह्या ह्यांचा क्रम चुकू देऊ नये. मुद्रांकावर हस्तांतराचा करार लिहून त्यात किंमत, पुढील शुल्क कोणत्या तारखेपासून कोणी भरावयाचे, व कंपनीचे शुल्क कोणी सोसावयाचे, हे स्पष्ट लिहावे. रक्कम बँकेमार्फतच घ्यावी आणि ती जमा झाल्याची खातरजमा शाखेत जाऊन करावी. त्यानंतर कंपनीच्या नमुन्यावर सही करावी. घेणाऱ्यालाही आपल्याइतकीच भीती असते. म्हणून शक्य तर दोघांनी मिळून कंपनीच्या कार्यालयात जाऊन हे काम एका बैठकीत उरकावे. सहावे, कंपनीने नाव बदलल्याचे पत्र हाती येईपर्यंत फाइल बंद करू नये. हे पत्र नसल्यास दोन वर्षांनी थकबाकीची मागणी जुन्याच धन्याच्या नावे येते.

इतके करूनही गिऱ्हाईक मिळाले नाही तर काय करावे? हक्क सोडून देण्याविषयी कंपनीशी लेखी बोलणी करावीत. काही रक्कम बुडाली तरी दरसालचा बोजा थांबतो, आणि तोही एक लाभच आहे. हक्क घेताना खोटी आश्वासने दिली गेली असतील, किंवा करारातील सुविधाच मिळत नसतील, तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला असून, त्यान्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईस असो वा चेन्नईस, भूम-परंड्याच्या रहिवाशाने धाराशिव येथे तक्रार दाखल करावी. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असला तर ती जिल्हा आयोगापुढे चालते. ५ लाखांपर्यंत शुल्कही पडत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून साधारणतः दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

फसवणूक घडलीच, तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, आपल्या बँकेस कळवावे आणि नंतर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी बातमी पोहोचली तर तो वाटेत अडविता येतो. आठ दिवसांनी ते कठीण होते. आणि हे आठ दिवस बहुधा लाजेत जातात. मुलगा रागावेल, सून हसेल, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस स्वतः चुकला असे लोक म्हणतील, ह्या विचाराने वृद्ध माणूस गप्प बसतो. आणि त्याचे गप्प बसणे हेच चोराचे खरे भांडवल असते. म्हणून घरातील तरुणांनीही आपली जबाबदारी ओळखावी. वडीलधाऱ्यांनी अशी गोष्ट सांगितली असता प्रथम १९३० फिरवावा. प्रश्न मागाहून विचारावेत.

ज्या श्रोत्यांच्या कपाटात असा करार पडून आहे, त्यांनी येत्या रविवारी तो काढून घरातील मंडळींसमोर एकदा वाचावा. मुदत, थकबाकी व कंपनीचा खरा पत्ता वरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: हा हक्क विकण्यासाठी कोणाही मध्यस्थास आगाऊ पैसे द्यावयाचे नाहीत. मग दूरध्वनी कितीही गोड बोलला तरी हरकत नाही. उत्तर घरात आधीच लिहिलेले असेल.